अचलपूरचा वाडा आणि नागपूरचं आर्किटेक्ट ऑफिस : काम दिल्यावरचा अनुभव

जुनं घर पाडावं की ठेवावं, यावरून ज्यांच्या घरात सध्या वाद चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमचा वाडा अचलपूरच्या जुन्या वस्तीत आहे. आम्ही राहतो तालुक्यातल्या खेड्यात, संत्र्याच्या वावरात. वाड्याची दुरुस्ती आणि त्याच्या मागच्या मोकळ्या जागेत नवं बांधकाम, ही दोन्ही कामं आम्ही नागपूरच्या एका लहान आर्किटेक्ट ऑफिसला दिली होती. हे लोक नवी घरं, शाळा, दवाखाने यांचे नकाशे करतात आणि शहरांतल्या जुन्या इमारती दुरुस्तही करतात. ऑफिसचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली माझ्या तक्रारीही आहेत आणि त्या मी त्यांना तोंडावर सांगितलेल्या आहेत. ज्याला जुनं घर हाती घ्यायचं आहे त्याला हे लोक काम कसं करतात, ते कळणं जास्त उपयोगाचं.

मत आधीच सांगून टाकते. काम खरं आहे, हिशोब स्वच्छ आहे, वेळ पाळण्यात हे ऑफिस कमी पडतं. आणि एक गोष्ट त्यांच्याइतकी चांगली मी कोणाकडे पाहिली नाही : काय करू नये, हे ते पैसे घेण्याआधी सांगतात.

वाडा मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, आजोबांच्या वेळचा. खाली कंबरभर काळ्या दगडाचं चुन्यातलं काम, वर गढीच्या पांढऱ्या मातीच्या दोन फुटी भिंती, सागवानी खांब, कडीपाट म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांचं छत, त्यावर माती. पुढे देवडी, मधे चौक, चौकाच्या तिन्ही बाजूंना ओसरी, मागे माजघर, माजघराच्या भिंतीत धान्याचं बळद. मामाजी गेल्यावर वाड्याला कुलूपच होतं. भासऱ्यांचं, म्हणजे थोरल्या दिरांचं, म्हणणं होतं, "पाडून टाकू, रोडले चार गाळे निघतात." एक बिल्डर तसा कागदही घेऊन आला होता. माझ्या मनात मात्र दुसरंच होतं. आमच्या भागातल्या खेड्यांतून अचलपूर-परतवाड्याला शिकायला येणाऱ्या पोरींना राहायला धड जागा मिळत नाही. सकाळच्या एसटीनं यायचं, संध्याकाळची चुकली की घरचे घाबरे होतात. दोन वर्षांत कॉलेज सुटतं आणि लग्न लागतं. वाड्यात अशा पोरींच्या राहण्याची सोय करायची, हे मी ठरवलं होतं. भासऱ्यांनी शेवटी एक अट घातली : पडक्या घरात परक्याच्या पोरी ठेवायच्या नाहीत, आधी इंजिनिअरनं सही करून द्यायची की घर पक्कं आहे. अट बरोबरच होती.

काम देण्याआधी आम्ही त्यांनी नागपूरच्या महाल भागात दुरुस्त केलेला एक वाडा पाहून आलो. ते तुम्हीही करा. आर्किटेक्टनं मोबाईलवर दाखवलेले फोटो पाहून काही कळत नाही. पावसाळ्यात जा, भिंतीला हात लावा, घरमालकाला एकटं गाठून विचारा. शिवाय काऊन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी क्रमांक मागा. १९७२ च्या कायद्याप्रमाणे ती नोंदणी असल्याशिवाय कोणाला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही, तरी गावोगावी नकाशे काढून देणारे बरेच जण ते नाव लावतात.

पहिल्या भेटीत मी त्यांना विचारलं, खोल्या कशा पडतील, एक कागद काढून द्या. ऑफिसच्या ताई म्हणाल्या, "आत्ता काढला तर तो खोटा निघेल. आधी वाडा मोजू." मोजणीची फी वेगळी होती आणि ती ऐकून घरी कुरकुर झाली, कारण बिल्डरचा माणूस नकाशा फुकट देत होता. पण मोजणी झाली तेव्हा मला समजलं की आपण कशाचे पैसे दिले. दोन मुलं आणि ताई, तिघंही वाड्यातच मुक्कामाला राहिले. प्रत्येक कडी मोजली, प्रत्येक खांब ओळंब्यात आहे का पाहिलं. भिंतीला कुठे पोट आलं आहे, तिथे दोरी लावून खूण केली. सगळ्यात जास्त वेळ त्यांनी लाकडावर घालवला. ताई शिडीवर चढून लाकडी हातोडीनं एकेक कडी वाजवत पुढे जात होत्या. चांगलं सागवान टणक वाजतं. भिंतीजवळ आल्यावर काही कड्यांचा आवाज बसका व्हायचा. तिथे त्या टोच्या टेकवायच्या आणि तो बोटभर आत जायचा. खडूनं फुली मारायची, पुढची कडी.

सगळ्या फुल्या झाल्यावर त्यांनी आम्हाला माजघरात उभं करून वर पाहायला लावलं. फुल्या जवळजवळ सगळ्या उत्तरेच्या भिंतीला होत्या. त्या भिंतीच्या पलीकडे मामाजींच्या काळात नवी न्हाणी काढलेली होती. म्हणजे लाकूड म्हातारं होऊन कुजलेलं नव्हतं. न्हाणीचं पाणी मातीच्या भिंतीत मुरत होतं, भिंतीत शिरलेली कड्यांची टोकं ओली राहत होती, आणि ओल्या लाकडाला उधई (वाळवी) लागली होती. बाकी सगळा कडीपाट शाबूत. आधी आलेल्या एका ठेकेदारानं पूर्ण छत उतरवून स्लॅब टाकायचा अंदाज दिला होता. यांनी सांगितलं, आधी न्हाणी तोडा, छताचं नंतर बोलू.

त्यावरून त्यांनी नियमच घातला आणि तो सगळ्या कामात पाळला : जुन्या भागात पाण्याचा एकही नळ नाही. न्हाण्या, संडास, स्वयंपाकाची मोरी, टाकी, सगळं मागच्या नव्या बांधकामात. मला आधी हे गैरसोयीचं वाटलं. रात्री पोरीनं चौक ओलांडून जायचं का, हा माझा प्रश्न होता. त्यांनी ओसरीतून नव्या भागापर्यंत छत असलेली वाट काढली, तिला दिवे दिले आणि रस्त्याकडून ती दिसणार नाही अशी वळवली. आता तक्रार नाही.

ओलीचं दुसरं कारण रस्ता. नवा सिमेंट रोड झाला की जुन्यावरच थर चढतो. आमचं जोतं एकेकाळी रस्त्यापासून दोन पायऱ्या वर होतं असं सासूबाई सांगतात. आता रस्ता उंबरठ्याच्या बरोबरीला आला आहे आणि पावसाचं पाणी भिंतीच्या पायाशी उभं राहतं. त्यात मागे कधीतरी ओल दिसते म्हणून भिंतींना छातीपर्यंत सिमेंटचं प्लास्टर आणि वरून ऑइलपेंट मारलेला होता. हा उपाय आमच्याकडे घरोघर केलेला दिसतो, म्हणून ताईंनी काय समजावलं ते लिहिते. माती-चुन्याची भिंत खालून पाणी ओढते, ते कायमच ओढते. चुन्याचा गिलावा त्या पाण्याला वाफ होऊन बाहेर जाऊ देतो. सिमेंट आणि ऑइलपेंट ती वाट बंद करतात. पाणी मग वर चढत जातं आणि सिमेंट जिथे संपतं तिथून बाहेर येतं. जाताना मातीतले क्षार मागे ठेवतं, त्यालाच आपण लोणा लागला म्हणतो. आमच्या माजघरात नेमकं छातीच्या वरच पांढरे पोपडे होते. मी ते इतकी वर्षं झाडत आले होते.

सिमेंट छिन्नीनं हळूहळू काढलं. घण लावू दिला नाही, कारण सिमेंटबरोबर मागची मातीही निघून येते. नंतर त्या भिंती त्यांनी अख्खा उन्हाळा उघड्या ठेवायला लावल्या. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, पारा ४५ च्या वर जातो. तो उन्हाळा त्यांनी कामाला लावला. येणारा-जाणारा विचारायचा, काम बंद पडलं का, पैसे संपले का. मलाही ते दिवस जड गेले. पण भिंतीच्या बाहेरून, जोत्याला लागून, गिट्टी भरलेली चर खणून तिला नालीकडे उतार दिल्यावर आणि उन्हाळाभर भिंती सुकल्यावर जो फरक पडला, तो हाताला कळतो. पुढच्या पावसाळ्यात माजघराची भिंत कोरडी होती.

आता चुन्याबद्दल, कारण या कामातला माझा सगळ्यात आवडता भाग तोच. आमच्या मिस्त्रीचा, म्हणजे गवंड्याचा, विरोध होता. "ताई, सिमेंटले काय झालं? सारं जग सिमेंटनं बांधून राह्यलं, अन् तुम्ही मले चुना मळायले लावता." या ऑफिसचं मोठेपण इथे दिसलं. त्यांनी नागपूर-पुण्याहून कारागीर आणले नाहीत. आमच्याच मिस्त्रीला शिकवायचं ठरवलं, आणि त्यासाठी चांदूर बाजाराकडचे एक म्हातारे बेलदार बाबा शोधून काढले, ज्यांनी तरुणपणी बैलाच्या घाणीवर चुना दळलेला होता. बाबांना रोजाचे पूर्ण पैसे दिले, खुर्ची टाकून बसवलं आणि मिस्त्रीला सांगितलं, हे म्हणतील तसं.

चुनकळी, म्हणजे भट्टीत भाजलेले न विझवलेल्या चुन्याचे खडे, वणीजवळच्या राजूरच्या भट्ट्यांवरून आली. चौकात खड्डा करून ती विझवली. पाणी पडताच उकळी फुटते आणि वाफेचे लोट उठतात, म्हणून पोरासोरांना लांब ठेवलं होतं आणि मजुरांना चष्मे व हातमोजे दिले होते. त्या खड्ड्यातला चुना पाण्याखाली झाकून काही आठवडे तसाच ठेवला. मग सापन नदीची रेती, सुरकी म्हणजे विटांची पूड आणि तो चुना, असं विजेवरच्या दगडी चाकांच्या चक्कीत दळलं. बेलफळाचा गर आणि हिरडा भिजवलेलं पाणी, थोडा गूळ, तागाचे बारीक तुकडे. गुळाचा वास वाड्यात दिवसभर राहायचा.

मागच्या भिंतीवर त्यांनी आधी नमुने करून पाहिले. वीतभर चौकोन, प्रत्येकाचं प्रमाण वेगळं, बाजूला कोळशानं लिहिलेलं. कुठे रेती जास्त, कुठे सुरकी जास्त, एकात ताग नाही. काही आठवड्यांनी ताई आल्या आणि खिळ्यानं प्रत्येक चौकोनावर रेघ ओढली. चुना जास्त असलेल्या चौकोनाला जाळीसारख्या बारीक भेगा पडल्या होत्या. रेती जास्त असलेला खिळ्याबरोबर भुरभुरला. एक भाग चुना, दोन भाग रेती आणि एक भाग सुरकीच्या चौकोनावर नुसता पांढरा ओरखडा उठला. बेलदार बाबांनी त्यावर अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाले, "हा घ्या." मिस्त्रीचं मन तिथे बदललं असं मला वाटतं. कारण त्यानंतर त्यानं चुन्यावर ओली पोती टाकून ठेवायचं काम कोणा मजुरावर सोडलं नाही, संध्याकाळी स्वतः जाऊन पाणी मारायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत हळू कडक होतो, त्याला ओल आणि वेळ दोन्ही लागतात. उन्हात लवकर वाळला की गेला.

आज आमच्या मिस्त्रीला अंजनगावकडून जुन्या घरांसाठी बोलावणी येतात. हे त्या ऑफिसनं अचलपूरला दिलेलं खरं देणं आहे. फीच्या कागदावर ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

लाकडाचं काम परतवाड्याच्या सुतारांनी केलं. मेळघाटच्या सागवानाचा डेपो आणि आरागिरण्या तिथे आहेत, त्यामुळे सागवान ओळखणारी माणसं अजून मिळतात. कुजलेल्या कड्या बदलल्या नाहीत. फक्त कुजकं टोक कापलं, तिरका सांधा घेऊन तेवढाच नवा तुकडा जोडला, लाकडी खुंट्या आणि बोल्ट मारले आणि भिंतीत जाणाऱ्या टोकाभोवती हवा खेळायला जागा ठेवली. नवं लाकूड जुन्याच्या रंगात रंगवलं नाही. मी आग्रह केला होता रंगवायचा. ताई म्हणाल्या, पुढे कधी कोणी दुरुस्तीला आलं तर त्याला दिसू द्या की कुठे काय केलं आहे. पटलं. भासरे आता पाहुण्यांना बोट करून तो सांधा दाखवतात.

मधेच एकदा त्यांनी मला, मिस्त्रीला आणि दोन सुतारांना सेवाग्रामला नेलं. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले, तेव्हा गावाचं नाव सेगाव होतं. आम्ही विदर्भातली माणसं शाळेच्या सहलीला सेवाग्राम पाहतो आणि विसरतो. या वेळी आम्ही आदी निवास आणि बापू कुटीच्या भिंती जवळून पाहिल्या. साधी माती, बांबू, कवेलू म्हणजे कौलं. लिंपण वारंवार करावं लागतं आणि ते नेमानं केलं जातं, म्हणून ती घरं उभी आहेत. परतताना वर्ध्याजवळ दत्तपूरला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रात शंकूच्या आकाराच्या मातीच्या भाजलेल्या नळ्या एकमेकींत बसवून केलेली कमानीची छतं पाहिली. लोखंड नाही, लाकूड नाही. मिस्त्री तिथून हलायला तयार नव्हता. कोणत्या आर्किटेक्टनं गवंड्याला असं काही दाखवायला नेलेलं मी ऐकलेलं नाही.

नवा भाग. मागे पूर्वी गोठा होता, तो पडलेलाच होता. जमीन काळी, भारी. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर खोल भेगा पडतात, त्यामुळे आमच्या भागातली नवी घरं पाच-सात वर्षांत तडकतात. त्यांच्या इंजिनिअरनं आधी खड्डे घेऊन मुरूम किती खोल आहे ते पाहिलं आणि खाली फुगीर असलेल्या पाइलचा, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांचा, पाया दिला. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं काळ्या मातीसाठी काढलेली ही पद्धत आहे. खर्च नेहमीच्या पायापेक्षा जास्त आला. नव्या भिंती जुन्या वाड्याला टेकवल्या नाहीत, मधे दोन इंचांची फट ठेवली आणि वरून झाकली. दोन्ही बांधकामं आपापल्या परीनं बसतील, एकानं दुसऱ्याला ओढायचं नाही, हा त्यामागचा विचार.

खोल्या साध्या आहेत. दिसायला जुन्या वाड्याची नक्कल केलेली नाही, महिरपी नाहीत, खोटे खांब नाहीत. उघड्या विटा, चुन्यात भरलेले सांधे. स्लॅबमध्ये मात्र गोठ्याची निघालेली इंग्रजी कवेलू घातली आहेत. स्लॅबच्या खालच्या अर्ध्या भागातलं काँक्रीट तसं कामाला येत नाही, ताण लोखंड घेतं. तिथे कवेलू बसवली की सिमेंट वाचतं, वजन कमी होतं आणि छत कमी तापतं. आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी केरळात ही रीत रूढ केली. आमच्या पोरी पलंगावर पडून वर पाहतात तेव्हा त्यांना कवेलूंच्या रांगा दिसतात.

आणि कूलर! विदर्भात घर बांधताना कूलरचा विचार नकाशात करणारं हे पहिलं ऑफिस मी पाहिलं. इतरांचं घर बांधून होतं आणि मग एप्रिलमध्ये खिडकीचे गज कापून कूलर बसवतात, खाली लोखंडी स्टँड, खालून पाणी गळतं, भिंत हिरवी. यांनी प्रत्येक खोलीला पूर्वेच्या भिंतीत कूलरचा कोनाडा दिला, खाली फरशीचा उतार आणि पाणी जायला पाइप, आणि समोरच्या भिंतीत वर हवा बाहेर जायला झरोका. कूलरची ओली हवा बाहेर पडली नाही तर खोली दमट होते, पंखा कितीही फिरू द्या. पश्चिमेला एकही मोठी खिडकी नाही. तिकडे फक्त जिना आणि सामानाची खोली आहे, दुपारचं ऊन त्यांनीच झेलायचं. जुन्या वाड्यात तर दोन फुटी मातीच्या भिंतीमुळे दुपारी दोनची झळ आत येता येता रात्र होते. तिथे आम्ही अभ्यासाची खोली केली आहे. मे महिन्यात पोरी दुपारभर तिथेच असतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) ज्यांची ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय त्यांनी पुढचं पाऊल टाकलं नाही. पुण्याच्या चुलत जावेची सही यायला वेळ लागला, तरी थांबले. डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत दाट वस्तीसाठी काय सवलती आहेत ते त्यांनीच शोधून नगर परिषदेची परवानगी काढली. केंद्राचं संरक्षण असलेलं स्मारक जवळ असेल तर २०१० च्या कायदा दुरुस्तीप्रमाणे १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. एलिचपूर, म्हणजे आमचं अचलपूरच, ही वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी होती, त्यामुळे शहरात आणि आसपास जुन्या वास्तू बऱ्याच आहेत. त्यांनी आधी तेही तपासलं. हौज कटोरा ही जुनी वास्तू आमच्यापासून लांब पडते, अडचण आली नाही. तुमच्या घराजवळ असं काही असेल तर डागडुजीलाही आधी परवानगी घ्यावी लागेल हे लक्षात ठेवा.

आता तक्रारी.

पहिली आणि मोठी, अंतर. नागपूरहून अचलपूरला येऊन-जाऊन दिवस जातो. येतो म्हणून सांगितलेली तारीख अनेकदा पुढे गेली, आणि तेवढे दिवस मिस्त्री हातावर हात ठेवून बसला किंवा त्यानं स्वतःच्या मनानं केलं. जिन्याच्या एका पायरीची उंची अशीच चुकली, ती तोडून पुन्हा करावी लागली. मजुरीचा भार आमच्यावर आला. मला ते योग्य वाटलं नाही, आणि मी तसं म्हटल्यावर त्यांनी शेवटच्या बिलातून ती रक्कम कमी केली. कमी केली हे बरं, पण मला बोलावं लागलं.

दुसरी, नकाशे. सगळे इंग्रजीत आणि मिलिमीटरमध्ये. आमचा मिस्त्री फूट-इंचात आयुष्य काढलेला माणूस. कामाचा पहिला टप्पा या गोंधळात गेला. पुढे त्यांनी मराठीत, फूट-इंचात, मोठ्या अक्षरांत वेगळे कागद दिले आणि गाडी रुळावर आली. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. गावाकडची कामं घेणाऱ्या ऑफिसला हे सांगावं लागू नये.

तिसरी, पावसाळा. चुन्याचा बाहेरचा गिलावा दिवाळीनंतर करायचा हे त्यांना माहीत होतं, तरी देवडीच्या बाहेरच्या बाजूला जूनमध्ये सुरुवात करू दिली. पहिल्याच मोठ्या पावसात ताडपत्री उडाली आणि तो पट्टा वाहून गेला. पुन्हा केला, त्यांच्या खर्चानं.

चौथी, माडीचा दरवाजा. जुनी चौकट बुटकी आहे, वाकून जावं लागतं. मी म्हटलं उंच करा. त्यांनी नाही म्हटलं, कोरीव चौकट कापायची नाही. चौकट सुंदर आहे हे मला मान्य आहे. पण तिथून दिवसातून दहा वेळा जाणाऱ्या पोरीच्या कपाळाचा विचार आधी व्हायला हवा होता, असं माझं आजही म्हणणं आहे. चौकटीच्या वरच्या पट्टीला कापसाची गादी लावून वेळ भागवली आहे.

भिंतींचा चुन्याचा रंग कपड्यांना लागायचा, ओढण्या पांढऱ्या व्हायच्या. दुसरा हात डिंक घालून दिल्यावर बराच कमी झाला. अभ्यासाच्या खोलीत टेकून बसायच्या उंचीवर त्यांनी चटईच्या पट्ट्या लावून दिल्या, हे मात्र न सांगता केलं.

पैशाचं. मोजणीची फी वेगळी, नंतर एकूण कामाच्या खर्चावर ८ टक्के, टप्प्याटप्प्यानं. सामान आम्हीच विकत घेतलं. त्यांनी दुकानदार सुचवले, पण आग्रह केला नाही, आणि सामानातून त्यांना काही मिळत नव्हतं हे मी दोन-तीन ठिकाणी विचारून खात्री करून घेतलेलं आहे. जुनं दुरुस्त करणं स्वस्त पडतं असं समजू नका. सामान कमी लागतं, पण माणसांचे हात जास्त लागतात. आमचा जुन्या भागाचा चौरस फुटाचा खर्च नव्या भागाच्या जवळपास आला. फरक इतकाच की त्यातले बरेचसे पैसे सिमेंट-लोखंडाच्या दुकानात न जाता अचलपूर-परतवाड्याच्या गवंडी, सुतार, मजुरांकडे गेले. मला ते मोलाचं वाटतं.

कोणी यांच्याकडे जाऊ नये? ज्याला लग्नाच्या आधी घर तयार पाहिजे त्यानं जाऊ नये. ज्याला समोरून वाड्याचा देखावा आणि आत सगळं नवं पाहिजे त्यानंही नाही, ते तसं करून देणार नाहीत. ज्याच्या घरात अजून वाटण्यांचं मिटलेलं नाही त्यानं आधी ते मिटवावं. बाकी जुनं घर असेल, पाडायचं मन होत नसेल आणि ठेवायचं कसं ते सुचत नसेल, तर निदान मोजणी यांच्याकडून करून घ्या. मोजणीचा तो कागद तुमच्याच मालकीचा असतो, पुढचं काम दुसऱ्या कोणाला दिलं तरी तो उपयोगी पडतो. हे त्यांनीच आम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

काम संपल्यावर त्यांनी हातानं लिहिलेली एक वही दिली, मराठीत. मृगाच्या आधी कवेलू आणि पन्हळी पाहायच्या, गिट्टीच्या चरीतला कचरा काढायचा, दर दिवाळीला चुन्याचा हात द्यायचा, कड्यांच्या टोकांशी उधईची माती दिसते का ते टॉर्च लावून पाहायचं. खोल्या सध्या भरलेल्या आहेत, धारणी आणि चिखलदऱ्याकडच्याही पोरी आहेत, आणि वहीतलं टॉर्चचं काम त्यांनीच वाटून घेतलं आहे.

देवडीच्या वरची नगारखान्यासारखी लहान खोली अजून बाकी आहे, तिचं छत उतरवावं लागणार आहे. भासऱ्यांनी स्वतःहून पैसे काढायची तयारी दाखवली आहे. ते काम आम्ही याच ऑफिसला देतो आहोत. या वेळी करारात दोन कलमं मी सांगून घालून घेतली : नागपूरहून येण्याच्या तारखा आधी लिहून द्यायच्या, आणि नकाशे पहिल्या दिवसापासून मराठीत, फूट-इंचात. त्यांनी दोन्हींवर सही केली आहे.